जहाज काढलं, यान बसवलं, पुढे काय?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की नाशिकमध्ये वाचनालयांच्या बालविभागात आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद हमखास रंगतो. 'ट्रेझर आयलंड' अंतराळात घडवणारी, क्रूसोला मंगळावर एकटं टाकणारी, जुन्या साहसकादंबऱ्यांना विज्ञानकथेचा अंगरखा चढवणारी किशोरवयीनांसाठीची पुस्तकं इंग्रजीत ढिगाने निघतात. ती आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरांच्या हातात द्यावीत का, आणि मराठीत आणावीत का? एक बाजू म्हणते, ही अभिजात साहित्याची विटंबना आहे, द्यायचं तर मूळ पुस्तक द्या. दुसरी म्हणते, अहो, पोरं मोबाइल बाजूला ठेवून काहीतरी वाचतायत हेच नशीब समजा. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण एकाही बाजूच्या तोंडून पुस्तकातल्या एका प्रसंगाचं नाव निघत नाही. सगळी हाणामारी मुखपृष्ठावर चालते.

माझं म्हणणं सरळ आहे. जुनी गोष्ट नव्याने सांगण्यात काहीही गैर नाही. मराठी वाचकाचं अर्धं बालपण त्यावरच गेलं आहे. पण म्हणून येईल ते पुनर्कथन गोड मानून घ्यायचंही कारण नाही. चांगलं कोणतं आणि टाकाऊ कोणतं हे ओळखायची कसोटी पुस्तकातच असते. साहसकादंबरी उभी असते ती एखाद्या पक्क्या अडचणीवर: अंतर फार आहे, वेळ थोडा आहे, निरोप पोचत नाही, अन्न संपत आलंय, कुणावर विश्वास ठेवावा कळत नाही. काळ आणि जग बदललं की ती अडचण जुन्या रूपात टिकत नाही. लेखकाने ती नव्या जगाच्या नियमांनी पुन्हा बांधली आहे का, एवढं पाहायचं. बांधली असेल तर ते स्वतंत्र पुस्तक आहे. जहाज काढून यान, तलवार काढून लेझर आणि पोपट काढून यंत्रपोपट एवढंच केलं असेल तर ते रंगकाम आहे.

'मूळच वाचा' म्हणणाऱ्यांना आधी एक विचारायला हवं: कोणतं मूळ? ज्यूल व्हर्नवर वाढलेल्या मराठी पिढ्यांमध्ये फ्रेंच येणारे किती होते? त्यांनी वाचले ते भा. रा. भागवत. 'मुक्काम शेंडेनक्षत्र' वाचणाऱ्या मुलाला आपण कुणाचं तरी 'रूपांतरित' वाचतोय याचं काडीचं दुःख झालं नाही, आणि पुढे त्यातल्या काहींनी व्हर्न इंग्रजीतून शोधून काढला. बरं, इंग्रजी म्हणजे तरी मूळ का? 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'चं जे इंग्रजी भाषांतर शतकभर सगळीकडे छापलं गेलं, ते लुइस मर्सिए या पाद्र्याचं. त्यात पुस्तकाचा जवळजवळ पाव भाग गाळलेला होता. 'मिस्टीरियस आयलंड'ची कथा तर याहून रंजक आहे. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'मधल्या पाणबुडीचा कप्तान नेमो हा बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, प्रिन्स डाक्कर, १८५७च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढलेला आणि त्यात बायकामुलं गमावलेला माणूस, हे व्हर्नने या कादंबरीत (१८७४-७५) उघड केलं. किंग्स्टनच्या नावावर निघालेल्या इंग्रजी भाषांतरात नेमोची इंग्रजी सत्तेविरुद्धची ही तोफ बोथट करून टाकली. म्हणजे आपल्याकडे इंग्रजी पुस्तकाला 'मूळ' म्हणून कवटाळणारा वाचक १८५७च्या एका लढवय्याची साहेबाच्या सोयीने धुऊन काढलेली कहाणी वाचत होता.

आणि खुद्द व्हर्न तरी एका मुळाशी चिकटून होता का? त्याच्या मनातला पहिला नेमो रशियाविरुद्ध लढलेला पोलिश सरदार होता. प्रकाशक एत्झेलला रशियातला खप सांभाळायचा होता, त्याने विरोध केला, म्हणून १८६९-७०च्या 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'मध्ये नेमोचं कूळ अधांतरीच राहिलं. पाच वर्षांनी त्याला हिंदुस्थानी केलं, तेव्हा दोन पुस्तकांतल्या तारखाही जुळेनात आणि तळटीप देऊन वेळ मारून न्यावी लागली. शिवाय 'मिस्टीरियस आयलंड' हे मुळात १७१९च्या 'रॉबिन्सन क्रूसो'ला दिलेलं उत्तर आहे. एकट्याऐवजी पाच जण, आणि त्यांचा म्होरक्या इंजिनिअर. जिला आपण देव्हाऱ्यात बसवू पाहतो, ती कादंबरीच दुसऱ्या कादंबरीचं पुनर्कथन आहे!

हे नाशिकमध्ये बसून वेगळं सांगावं लागावं याचं नवल वाटतं. पंचवटी, सीतागुंफा, तपोवन अशी या गावाची अर्धी वस्ती एका कथेच्या सांगण्या-पुन्हा-सांगण्यातून नावारूपाला आली. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये 'श्यामची आई' लिहिणाऱ्या साने गुरुजींनीच व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझराब्ल' मराठी मुलांसाठी 'दुःखी' या नावाने आणि जॉर्ज इलियटची 'सायलस मार्नर' 'मनूबाबा' या नावाने सांगितली. गुरुजींनी ह्यूगोची विटंबना केली असं कुणी म्हणेल का? आणि कुसुमाग्रज? त्यांनी 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट' केलं, ते अभ्यासकांच्या लक्षात आहे. 'नटसम्राट' (१९७०) मात्र लोकांच्या तोंडी आहे. फरक नेमका कुठे पडला? 'किंग लिअर'मध्ये राजा राज्य वाटून टाकतो. दादर किंवा गिरगावातल्या प्रेक्षकाकडे वाटायला राज्य नव्हतं, होती ती आयुष्यभराची पुंजी. निवृत्त नटाने ती मुलांच्या हवाली केली आणि आपल्याच माणसांच्या घरात तो उपरा झाला. राज्य गेलं आणि त्या जागी प्रत्येक पेन्शनरच्या पोटात गोळा आणणारी गोष्ट आली. कथेची अडचण नव्याने बांधणं म्हणतात ते हेच.

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा. तो असा की अशा पुस्तकांतली बहुसंख्य पुस्तकं सुमार असतात. हे शंभर टक्के मान्य. लेखकाला आयता सांगाडा मिळतो, प्रकाशकाला ओळखीचं नाव मिळतं, आणि मग कुणीच मेहनत घेत नाही. पण सुमार का होतात हे पाहिलं, तर दोष पुनर्कथनाच्या कल्पनेचा नसून कारागिरीचा आहे हे दिसतं. त्यासाठी एकच कादंबरी जरा उकलून पाहू.

व्हर्नचीच 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा' घ्या. तेवढ्या दिवसांत जग फिरून लंडनला परत यायची पैज लावलेला फिलियस फॉग २० ऑक्टोबर १८७२ रोजी रात्री आठच्या गाडीने मुंबई सोडतो. रात्रीत गाडी घाट ओलांडून नाशिकवरून पुढे जाते आणि उजाडल्यावर खानदेशची सपाट शेती दिसू लागते. नाशिकच्या वाट्याला आलं आहे ते एवढंच, अर्धं वाक्य. पुढे खोल्बी नावाच्या ठिकाणी रूळच संपतात, अलाहाबादपर्यंत गाडी नाही, म्हणून फॉग दोन हजार पौंड मोजून हत्ती विकत घेतो. वास्तवात मुंबई-कलकत्ता सलग रेल्वे १८७०मध्येच सुरू झाली होती. व्हर्नला हत्ती हवा होता, म्हणून त्याने कागदावर रूळ उखडले. विज्ञानकथा लिहिणाऱ्याने हे नीट पाहून ठेवावं. अडचण आपोआप मिळत नाही, ती रचावी लागते, आणि ती रचताना उस्तादही थोडी लबाडी करतात.

पण या कादंबरीचा खरा खिळा शेवटी आहे. फॉग पूर्वेकडे जात राहिला. एक अंश रेखांश ओलांडला की सूर्य चार मिनिटं आधी उगवतो. ३६० गुणिले चार म्हणजे १,४४० मिनिटं, पुरा एक दिवस. फॉगने ऐंशी वेळा सूर्योदय पाहिला, लंडनने एकोणऐंशी वेळा. आपण पाच मिनिटांनी हरलो असं समजून तो घरी बसतो, आणि प्रत्यक्षात एक दिवस हातात असतो. आता हीच गोष्ट अंतराळात न्यायची आहे. आळशी लेखक काय करतो? 'सापेक्षतेमुळे वेळ बदलला' असं एक वाक्य टाकून मोकळा होतो. पण गणित करून पाहा. ऐंशी दिवसांत एका दिवसाचा फरक पडायला यानाला प्रकाशाच्या सुमारे १६ टक्के वेग लागेल, सेकंदाला साधारण ४७ हजार किलोमीटर. तेवढा वेग दिला, तरी फरक उलट्या बाजूने पडतो! यानातलं घड्याळ मागे राहतं. प्रवाशाचे एकोणऐंशी दिवस होतात तेव्हा घरी ऐंशी उलटलेले असतात. म्हणजे नायक जिंकलो म्हणून हसत उतरतो आणि हरलेला असतो. हाही शेवट झकास होईल, पण तो जाणूनबुजून लिहायला हवा. नकळत लिहिला, तर आठवीतलं हुशार पोरगं लेखकाची चूक पकडतं आणि पुस्तक तिथेच मिटतं.

मग उपाय? मंगळ. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा असतो. मंगळावरच्या वसाहतीत कुणी 'ऐंशी दिवसांत परत येतो' अशी पैज लावली, तर वसाहतीच्या दृष्टीने ते मंगळाचे दिवस. ऐंशी मंगळदिवस म्हणजे पृथ्वीचे ८२ दिवस आणि जवळपास पाच तास. यानावर मात्र पृथ्वीचं घड्याळ चालतं. यानाच्या घड्याळात ८१ दिवस झाले, नायक मान खाली घालून उतरला, आणि बाहेर मंगळाचा एकोणऐंशीवा दिवस अजून मावळलेला नाही! व्हर्नचा खिळा नव्या फळीत जसाच्या तसा बसला. तरी काम संपत नाही. नियंत्रणकक्षातल्या प्रत्येक पडद्यावर दोन्ही घड्याळं दिसतील, मग नायकाला कळलं कसं नाही? हा आक्षेप व्हर्नवरही आहेच: अमेरिका ओलांडताना एखाद्या वर्तमानपत्रावरची तारीख फॉगला दिसली कशी नाही? व्हर्नने त्यावर फॉगच्या स्वभावाचं पांघरूण घातलं. हा गृहस्थ खिडकीबाहेर बघतच नाही, डब्यात बसून पत्ते कुटतो. त्याचा नोकर पासपार्तू वडिलोपार्जित घड्याळ लंडनच्या वेळेवरून हलवायला तयार नाही. नव्या लेखकाला असंच काहीतरी शोधावं लागेल: जुनं मालवाहू यान, ज्यावर एकच घड्याळ आहे, नायक पृथ्वीवरून नुकताच आलेला, करारात नुसता 'दिवस' हा शब्द. एवढी मेहनत घेणारं पुस्तक पोराला द्यायला हरकत काय, हे 'मूळच वाचा'वाल्यांनी मला सांगावं.

असं काम पूर्वी झालेलं आहे. आल्फ्रेड बेस्टरने १९५६मध्ये द्यूमाच्या 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'चा सूड अंतराळयुगात नेला. त्याच्या जगात माणसं मनाच्या जोरावर क्षणात दुसरीकडे पोचू शकतात. मग तुरुंग कसा बांधणार? द्यूमाचा तुरुंग बेटावर होता, भोवती समुद्र. इथे समुद्राचा काय उपयोग? बेस्टरने एक नियम घातला की उडी मारण्यासाठी आपण आत्ता कुठे आहोत हे ठाऊक असावं लागतं. आणि तुरुंग नेला जमिनीखालच्या गुहांत, ठार काळोखात. कैद्याला स्वतःचा ठावठिकाणा कळू द्यायचा नाही, बस्स. त्या काळोखात कुणाचा तरी आवाज ऐकू येणं आणि त्यातून कैद्याचं शिक्षण सुरू होणं, हे द्यूमाच्या कादंबरीतलं प्रकरण मग किती सहज आत येतं! किशोरांसाठीच्या अलीकडच्या पुस्तकांत डायना पीटरफ्रॉइंडची 'अक्रॉस अ स्टार-स्वेप्ट सी' (२०१३) फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या 'द स्कार्लेट पिंपर्नेल'वर बेतलेली आहे. तिथे गिलोटिन नाही, मेंदू मंद करून टाकणारं औषध आहे. आणि छचोरपणाचं सोंग घेऊन माणसं सोडवणारा सरदार नसून एक मुलगी आहे. गिलोटिनने डोकं उडतं, औषधाने माणूस जिवंत राहून हरवतो. सुटका केलेल्यांचं पुढे काय करायचं हा प्रश्न त्यामुळे जन्माला येतो, जो मूळ कादंबरीत नव्हता.

उलट रंगकाम कसं ओळखायचं? 'ट्रेझर आयलंड'मधलं सफरचंदांचं पिंप बघा. जहाजावरच्या जिम या पोराला सफरचंद हवंय, पिंप जवळजवळ रिकामं झालेलं, म्हणून तो आत उतरतो. जहाजाचा आचारी सिल्व्हर येऊन पिंपालाच टेकून बसतो आणि बंडाचा कट बोलू लागतो. मध्येच तो एका खलाशाला सांगतो, मला एखादं सफरचंद काढून दे. पोराचा जीव हातभर अंतरावर आहे. यानातल्या पुनर्कथनात नव्वद टक्के वेळा जिम काय करतो? सिल्व्हरच्या खोलीतला कॅमेरा 'हॅक' करून आपल्या बिछान्यात बसून ऐकतो. माहिती मिळाली, भीती गेली. हाच प्रसंग नीट बांधायचा तर उलट्या बाजूने विचार करावा लागेल. जिथे सगळं रेकॉर्ड होतं तिथे कट करणारे कुठे जाऊन बोलतील? पंख्यांच्या घरघरीत माइकला काही ऐकू येत नाही अशा कोपऱ्यात, म्हणजे हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या मागे किंवा अंतराळपोशाख टांगलेल्या खोलीत. पोरगं तिथे एखाद्या पोशाखाच्या आत का शिरलेलं असेल? गळती तपासायला, त्याचं रोजचं काम म्हणून. आणि कटवाल्यांपैकी एक म्हणाला, मला जरा बाहेर जायचंय, पोशाख घालतो, की झालं. पिंप परत आलं.

क्रूसोचंही तसंच. मूळ क्रूसो तेरा दिवसांत अकरा वेळा फुटक्या जहाजावर जाऊन सामान आणतो, आणि त्याच्या याद्या वाचताना मुलं रमतात, कारण प्रत्येक वस्तूला पुढे उपयोग आहे. मंगळावरच्या क्रूसोला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागेल. पृथ्वीवरून यान पाठवायला सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी एकदा येते, म्हणजे सुमारे ७८० दिवस; गुणाकार करा, ६५५ किलो. हा आकडा पहिल्या पानापासून मुलाच्या डोक्यात टिकटिक करत राहिला पाहिजे. आणि त्याचा एकटेपणा? पृथ्वीशी बोलता येतं, फक्त निरोप जायला ३ ते २२ मिनिटं लागतात आणि उत्तर यायला तेवढीच. हा एकटेपणा क्रूसोच्या एकटेपणाहून निराळा आहे, कदाचित जास्त छळणारा. ज्या पुस्तकात मंगळावरचा नायक पृथ्वीशी फोनवर बोलावं तसा गप्पा मारतो, ते खाली ठेवावं.

मूळ कादंबऱ्यांतला वर्णद्वेष आणि साम्राज्याचा माज हा आणखी एक वादाचा विषय, आणि इथे माझं पुनर्कथनवाल्यांशीही भांडण आहे. क्रूसोचं जहाज फुटतं तेव्हा तो गुलाम आणायला निघालेला असतो. त्याआधी ज्या झूरीमुळे त्याची सुटका झाली, त्या पोराला त्याने पोर्तुगीज कप्तानाला साठ नाण्यांना विकलेलं असतं. फॉगच्या हिंदुस्थानात सती जाणाऱ्या तरुणीला वाचवायला युरोपियनच लागतात. नवे लेखक हे सगळं पुसून टाकतात आणि स्वतःवर खूश होतात. त्याहून बेरकी युक्ती म्हणजे क्रूसोचा बेटावरचा नोकर फ्रायडे याला रोबो करणं. आता तो 'मालक' म्हणतो, राबतो, कृतज्ञ राहतो, आणि कुणाला काही वाटत नाही. याने गुलामगिरी गेली कुठे? ती फक्त वाचकाला न टोचणारी झाली. यापेक्षा मूळ परवडलं, तिथे निदान टोचतं तरी. रोबोच करायचा असेल, तर त्याने एके दिवशी आज्ञा नाकारली पाहिजे आणि क्रूसोने त्यावर काय केलं हे प्रकरण लिहिलं पाहिजे. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला'मध्ये यंत्राला वामनाचं नाव आहे, ते उगाच नाही. बटू म्हणून घरात घेतलेला पुढे किती पावलं मागेल याची धास्ती त्या एका नावात आहे. २०२१च्या डिसेंबरात नाशिकला भरलेल्या ९४व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर होते. विज्ञानकथाकाराला अध्यक्षपद देणारं गाव मुलांच्या विज्ञानकथेबद्दल इतकं वरवरचं भांडतं, याला काय म्हणावं?

'वाचतायत हेच खूप'वाल्यांना मात्र मी फार जागा देणार नाही. तीनशे पानांचं वाईट पुस्तक वाचायला तीनशे पानांच्या चांगल्या पुस्तकाइतकाच वेळ जातो, आणि तेराव्या वर्षी तो वेळ फार नसतो. शाळा, क्लास आणि गृहपाठ यांतून उरेल तेवढाच. शिवाय ज्या पोराने तीन रंगकामं वाचली, ते चौथ्या वेळी विज्ञानकथा म्हणजे दिव्यांचा लखलखाट आणि धडामधूम असं ठरवून टाकतं.

भाषेचा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. भागवतांच्या मराठीला चव होती. त्यांची पोरं पोरांसारखी बोलत. आजची बरीचशी बालभाषांतरं वाचताना वाक्याखालचं इंग्रजी ठळक दिसतं. 'त्याने आपला श्वास रोखून धरला', 'माझ्या मित्रा, तू ठीक आहेस का?' असलं मराठी नाशिकरोडच्या कुठल्याही पोराच्या तोंडी नाही. पण हा दोष मूळ पुस्तकाच्या इमानी भाषांतरातही तितकाच असतो. पुनर्कथनात तर सुटायला वाव जास्त. पात्रं इथली करता येतात, कप्तानाने खलाशाला 'अरे ए' म्हणता येतं, यानाची दुरुस्ती अंबडच्या कारखान्यातल्या फिटरच्या भाषेत होऊ शकते. ओझरला लढाऊ विमानं जुळवणाऱ्या माणसांची मुलं या शहरात आहेत. रिव्हेट सैल झाला, गॅस्केट बसलं नाही, प्रेशर धरत नाही, ही त्यांच्या घरातली बोली आहे.

परकी गोष्टच कशाला, आपली का नाही, असंही विचारलं जातं. द्राक्षबागायतदाराला हा प्रश्न पडणार नाही. निफाड-दिंडोरीकडे डॉगरिजचा खुंट लावतात, तो मूळचा अमेरिकेतला, खारं पाणी आणि दुष्काळ सोसणारा. त्यावर हव्या त्या जातीचं पाचर कलम करतात. दोन्हींच्या सालीखालचा हिरवा थर एकमेकांना भिडला नाही, किंवा पट्टी ढिली राहून आत पाणी शिरलं, तर डोळा फुटत नाही; खुंट परका होता म्हणून कलम मेलं असं कुणी म्हणत नाही. आणि आपलेही खुंट आहेतच की. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ची. नाथमाधव १९२८मध्ये गेले, हरिभाऊ आपटे १९१९मध्ये. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं, तेव्हा या सगळ्यांवर आज कुणीही काम करू शकतं. 'फास्टर फेणे'ला मात्र परवानगीशिवाय हात लावता येणार नाही. भागवत २००१मध्ये गेले, हक्क २०६१च्या अखेरपर्यंत चालतील. व्हर्न, स्टीव्हन्सन, द्यूमा केव्हाचे मोकळे आहेत, पण त्यांच्या एखाद्या ताज्या इंग्रजी भाषांतरावरून मराठी करायचं म्हटलं, तर त्या भाषांतरकाराचा हक्क आडवा येतो. हे न बघता पुस्तक छापायला देणारे प्रकाशक पुढे अडचणीत येतात.

प्रकाशकाने दोन गोष्टी कराव्यात. आतल्या पहिल्या पानावर मूळ कादंबरीचं नाव, लेखक आणि साल ठळक छापावं. 'एका विख्यात कथेवर आधारित' असली चोरटी ओळ नको. आणि शेवटच्या दोन पानांत काय बदललं आणि का, हे लेखकाने मुलांना समजेल असं लिहावं. वाचनालयांचं काम त्याहून सोपं: मूळ पुस्तक आणि पुनर्कथन एकाच फळीवर शेजारी ठेवायचं. सार्वजनिक वाचनालय १८४०पासून या गावात आहे, त्यामुळे जुनी रूपांतरं शोधायला दूर जायला नको. शिक्षकाला तास घ्यायचा असेल, तर दोन्ही पुस्तकांतलं एकच प्रकरण घ्यावं, पिंपाचं घ्या किंवा पैजेचं, आणि विचारावं: इथे काय बदललं, आणि त्याने भीती वाढली की कमी झाली? चाळीस मिनिटांत होतं.

हे सगळं वापरून कुणाला मराठीत पहिलं काम हाती घ्यायचं असेल, तर नेमो घ्यावा. तो आपलाच आहे, आणि त्याचं १८५७ त्याला आपल्या भाषेत बिनधास्त बोलता येईल. पण सोपं नाही. नेमोची पाणबुडी नॉटिलस दक्षिण ध्रुवाशी बर्फाखाली अडकते तेव्हा आतली हवा संपत येते, त्या प्रकरणाचा सगळा थरार त्यावर आहे. आजची अणुपाणबुडी समुद्राच्या पाण्यातून वीज सोडून ऑक्सिजन बनवते. तिला वर यायला लावतं ते शिध्याचं कोठार. आणि नेमो तर समुद्रातूनच जेवतो. कादंबरी गुरूच्या युरोपा उपग्रहावरच्या, कित्येक किलोमीटर जाडीच्या बर्फाखालच्या समुद्रात नेली, तर तिथे जेवायला काही आहे की नाही हेच कुणाला ठाऊक नाही, म्हणजे अन्नाची अडचण परत मिळते. पण मग त्याचा शत्रू कोण? तिथे त्याचं राज्य कुणी घेतलं, कोणत्या कंपनीने, कोणत्या कराराने? बर्फ फोडायच्या यंत्राची रचना ठरवण्याआधी लेखकाला याचं उत्तर लिहून काढावं लागेल.